यंत्राच्या कौशल्याची परीक्षा

सन २०२० च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडांत करोनाची सांथ पुनः वाढत असतां एक विलक्षण प्रकार घडला. निरनिराळ्या प्रयोगशाळांकडून तपासणीचे निकाल साध्या मजकुराच्या फायलींतून येत, आणि ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या तत्कालीन संस्थेंत ते एक्सेलच्या तक्त्यांत भरून पुढें पाठविले जात. तक्ता जुन्या पद्धतीचा होता. त्यांत ६५,५३६ पेक्षां अधिक ओळी मावत नाहींत. एकेका रोग्यास अनेक ओळी लागत असल्यामुळें तक्ता लौकरच भरला, आणि उरलेल्या ओळी मुकाट्यानें गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतील १५,८४१ रोगी रोजच्या आंकड्यांतून वगळले गेले. त्या रोग्यांस स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्या माणसांस सावध करण्याचें काम कित्येक दिवस खोळंबलें. भांडें भरून वाहूं लागलें आणि सांडलेलें कोणीं मोजलें नाहीं, एवढेंच घडलें.

ठिकठिकाणची माहिती गोळा करून, तिला एक रूप देऊन, एका भांडारांत ठेवण्याच्या या कामास माहितीचें एकत्रीकरण म्हणतात. त्यासाठीं आतां खास साधनें आहेत. एअरबाइट, फाइव्हट्रॅन यांसारखीं साधनें माहिती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणीं नेतात. डीबीटीसारखें साधन ती भांडारांत पोंचल्यावर तिची मांडणी करितें. हीं साधनें चालविणें हें आजवर जाणत्या माणसाचें काम होतें. तें आतां कृत्रिम बुद्धीच्या ‘एजंटा’कडे सोंपविलें जाऊं लागलें आहे. एजंट म्हणजे नुसतें उत्तर देणारें नव्हे, तर सांगितलेलें काम पायरीपायरीनें स्वतः पार पाडणारें यंत्र.

अशा एजंटास विशिष्ट काम शिकविण्यासाठीं अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनें ऑक्टोबर २०२५ मध्यें ‘स्किल’ नांवाची पद्धति पुढें आणली. स्किल म्हणजे एक लहानसें दप्तर. त्यांतील मुख्य फायलीच्या आरंभीं नांव व थोडक्यांत वर्णन असतें. त्याखालीं काम करण्याची रीति, आणि जरूर तर जोडीस छोटे प्रोग्राम. एजंट आधीं फक्त नांव व वर्णन पाहतो. हातांतलें काम त्याशीं जुळलें, तरच आंतील मजकूर वाचतो. असें दप्तर एका दुपारींही लिहून होतें. म्हणूनच तें खरोखर उपयोगी आहे कीं नुसतें दिसावयास नीटनेटकें, हें ठरविण्याची गरज उत्पन्न होते.

नुसतें वाचून हा निर्णय होत नाहीं. पाककृति कितीही सुवाच्य लिहिलेली असो, तिची पारख पानांत पडलेल्या पदार्थावरूनच होते. पहिली कसोटी वर्णनाची. ‘विक्रीच्या नोंदी भांडारांत आण’ असें सांगतांच योग्य तें दप्तर उघडलें पाहिजे. आणि कोणीं साधें पत्र लिहावयास सांगितलें, तर तें मिटलेलेंच राहिलें पाहिजे. दोन्ही प्रकारचे प्रश्न परीक्षेंत हवेत. दुसरी कसोटी तुलनेची. तेंच काम एजंटास एकदां दप्तर देऊन व एकदां न देतां करावयास लावावें. दोन्ही वेळां निकाल सारखाच आला, तर दप्तराचा त्या कामास उपयोग झाला नाहीं, उलट वाचण्याचा खर्च मात्र वाढला, असें समजावें.

तिसरी कसोटी सातत्याची. एजंट तेंच काम दोन वेळां दोन रीतींनीं करूं शकतो; म्हणून एकदां यश मिळालें यावर विसंबतां येत नाहीं. समजा, एखादें काम तो दहांपैकीं नऊ वेळां बरोबर करतो. ऐकावयास हें उत्तम वाटतें. परंतु तेंच काम रोज रात्रीं एकदां होत असेल, तर सातही रात्रीं बरोबर होण्याची शक्यता, हिशेब करून पाहतां, शेंकडा ४८ च्या आंतच येते. शाळेच्या परीक्षेंत नव्वद गुण मिळविणारा मुलगा हुशार ठरतो. रोगी मोजणाऱ्या किंवा पगार वांटणाऱ्या यंत्रास तेवढ्यावर उत्तीर्ण करतां येत नाहीं.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी ताळ्याची. एजंट ‘काम पूर्ण झालें’ असें म्हणतो, तें त्याचें म्हणणें झालें. परीक्षकानें भांडारांत जाऊन स्वतः पाहावें. निघालेल्या ओळी किती, पोंचलेल्या किती? रकमांची बेरीज दोन्हीकडे जुळते काय? तेंच काम दुसऱ्यांदा चालविल्यास नोंदी दुप्पट होतात कीं तितक्याच राहतात? मग मुद्दाम अडचणी घालून पाहाव्या. ०३/०४/२०२५ ही तारीख भारतांत ३ एप्रिल आहे, अमेरिकेंत ४ मार्च. रिकामी जागा आणि शून्य यांचा अर्थ एक नव्हे. मूळ तक्त्यांतील एखाद्या रकान्याचें नांव रातोरात बदललें, तर एजंट थांबून विचारतो, कीं अंदाजानें भरून मोकळा होतो? ज्या जागीं विचारावयास हवें तेथें न विचारणें हा मोठा दोष मानावा. जुना तक्ता परवानगीवांचून पुसणें किंवा सांकेतिक शब्द उघड्या नोंदींत लिहिणें, या चुकांस तर गुण कापून भागणार नाहीं. तेथें अनुत्तीर्णच करावें.

परीक्षकाचीही परीक्षा हवी. पुष्कळदां एका यंत्राचें काम तपासावयास दुसरें यंत्रच बसवितात. तें स्वस्त पडतें. परंतु लांबलचक व आत्मविश्वासानें लिहिलेल्या उत्तरास झुकतें माप देण्याची खोड अशा परीक्षकांत आढळली आहे. म्हणून जें मोजतां येतें तें मोजूनच ठरवावें, आणि राहिलेल्यांतील कांहीं उत्तरें जाणत्या माणसानें स्वतः तपासावीं. कडक परीक्षा काय दाखविते याचें एक उदाहरण २०२५ सालचें आहे. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनीं ‘ईएलटी-बेंच’ नांवाची कसोटी तयार केली. तींत १०० कामें होतीं, आणि प्रत्येकांत माहिती आणण्यापासून तिची मांडणी करण्यापर्यंत सर्व पायऱ्या होत्या. त्या वेळच्या उत्तम एजंटासही अखेरच्या मांडणींतील शेंकडा ३.९ तक्तेच बिनचूक साधले. तो आंकडा त्या वर्षींच्या यंत्रांचा आहे. पुढील यंत्रांची परीक्षा पुनः घ्यावी लागते. नवें यंत्र आलें म्हणजे जुनें दप्तरही पुनः तपासावें लागतें, कारण कालची आवश्यक सूचना आज निरर्थक, किंवा अडथळाही, ठरण्याचा संभव असतो.

इंग्लंडांतील त्या आठवड्यांत उणीव होती ती एका साध्या पायरीची: निघालेल्या व पोंचलेल्या ओळी मोजा, जुळल्या नाहींत तर थांबा आणि माणसास कळवा. चांगल्या दप्तरांत ही सूचना असावी, हें कोणीही मान्य करील. पण सूचना लिहिलेली असणें निराळें आणि पाळली जाणें निराळें. म्हणून परीक्षकानें एजंटापुढें मुद्दामच न मावेल एवढा तक्ता ठेवावा, आणि तो काय करतो तें पाहावें. त्यानें न विचारतां ‘सांडलें आहे’ असें सांगितलें, तर तें दप्तर त्या कसोटीस उतरलें. तक्त्यांतील प्रत्येक ओळीमागें एक माणूस आहे. तें यंत्रास ठाऊक नसतें, परीक्षकास ठाऊक असलें पाहिजे.