ट्रकचा ब्रेक मागच्या चाकापर्यंत कसा पोहोचतो?



आमच्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या घरी कुणी ना कुणी ट्रकवर आहे. कुणाचे मालक ऊस वाहतात, कुणाचा भाऊ मुंबईला भाजीपाला नेतो. त्यामुळे कर्जाच्या अर्जांत शेळी आणि शिलाई मशीनसोबत गाडीची दुरुस्तीही असते. मेकॅनिकच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘रिले व्हॉल्व्ह’. मग बैठकीत प्रश्न येतो, हे काय असतं? पुढच्या महिन्यात केलं तर चालणार नाही का? आज आपण हेच समजून घेऊ.

मोटारसायकलचा ब्रेक तारेवर नाहीतर तेलावर चालतो. मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन चालू असताना कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. ड्रायव्हरसमोरच्या मीटरवर ती साधारण सात-आठ किलो दिसते. पायाखालचा ब्रेक दाबला की ही हवा चाकांजवळच्या ब्रेकच्या डब्यांत जाते आणि ब्रेक आवळले जातात.

अडचण आहे लांबीची. पुढची चाकं जवळ, मागची लांब. सगळी हवा पायाजवळून निघून लांब नळीतून मागे जायची म्हटलं, तर वेळ लागतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटरच्या पुढे जाते. रस्ता ओलांडणाऱ्या लेकरासाठी आठ मीटर फार असतात.

यावरचा उपाय म्हणजे रिले व्हॉल्व्ह. शेतात दारं धरताना आपण काय करतो? मोटरीजवळचा माणूस प्रत्येक वाफ्यापर्यंत पळत जात नाही. तो हाक मारतो आणि वाफ्याजवळ उभा असलेला दारं मोडतो. रिले व्हॉल्व्ह हा तो वाफ्याजवळचा माणूस. तो मागच्या चाकांजवळ बसवलेला असतो आणि टाकीतली हवा जाड नळीतून थेट त्याच्यापाशी येऊन थांबलेली असते. ब्रेक दाबला की बारीक नळीतून थोडी हवा त्याच्याकडे जाते. ती झाली हाक. त्या हवेनं आतला दट्ट्या खाली दबतो, वाट उघडते आणि टाकीची हवा जवळच्या डब्यांत शिरते.

हाक जेवढ्या जोराची, तेवढाच ब्रेक. पाय हळू दाबला तर ब्रेक हळू लागतो. तेवढा दाब भरला की वाट आपोआप बंद होते. पाय काढला की डब्यांतली हवा पुढे परत न जाता तिथूनच बाहेर पडते. ट्रकखालून ‘फुस्स’ असा आवाज येतो, त्यातला बराचसा हाच. म्हणून ब्रेक सुटतोही लवकर.

हा व्हॉल्व्ह बिघडतो कशानं? मुख्य म्हणजे पाण्यानं. हवेतला ओलावा टाकीत साचतो, कॉम्प्रेसरचं तेलही त्यात येतं. आतली रबरं खराब होतात, गंज धरतो. म्हणून टाकीखालच्या कॉकमधून पाणी नेमानं काढावं लागतं. ब्रेक दाबलेला नसताना मागून सतत हवा सुटत असेल, मीटर उतरत असेल, मागचा ब्रेक उशिरा लागत असेल किंवा धरून राहत असेल, तर गाडी आधी मेकॅनिककडे न्यायची. कधी आतलं रबर किट बदलून भागतं, कधी व्हॉल्व्हच बदलावा लागतो.

आणखी एक. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. दर दाबाला हवा कमी होते, नवी भरत नाही. मग रिले व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी देणार काय? हवा फार उतरली तर स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागतो खरा, पण तो गाडी उभी ठेवण्यासाठी. भरलेली गाडी घाटात त्याच्या भरवशावर सोडायची नसते. खंबाटकी असो की कात्रजच्या बोगद्यापुढचा नवले पुलाचा उतार, गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवायची.

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी निघण्याआधी घरच्या माणसाला तीन गोष्टी विचारा : टाकीचं पाणी काढलं का? मीटर भरला का? कुठून हवा सुटत नाही ना? आणि बैठकीत ब्रेकचा अर्ज आला, तर पक्की पावती मागा, पण तो पुढच्या महिन्यावर ढकलू नका. रंगकाम थांबू शकतं. ब्रेकचं काम थांबवायचं नसतं.