दोन आकड्यांची काटकसर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सचिवांनी मला 'जुन्या आठवणी' सांगायला उभं केलंय. पाण्याच्या टाकीचं भांडण सगळ्यांना पाठ आहे, म्हणून बँकेतली एक गोष्ट सांगतो. ती आपल्या जिन्याखालच्या कॅमेऱ्याच्या डब्यापर्यंत येते.

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र मी शाखेत काढली. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे ठेवत. ९९ नंतर ०० आलं की मशीन १९०० समजणार, व्याजाचा सगळा घोळ होणार. खात्यांच्या शिल्लक रकमा आम्ही कागदावर छापून ठेवल्या होत्या. रात्री काहीच झालं नाही. उगाच बाऊ केला, असं आमची ही अजून म्हणते! अहो, आधी कित्येक महिने माणसं राबली म्हणून झालं नाही.

पण सगळीकडे चार आकडे करायला वेळ नव्हता. आमच्या ठेवींच्या प्रोग्रॅमला तोडगा काढला होता: ०० ते २९ आलं तर आधी २० लावायचे, ३० ते ९९ आलं तर १९. चाचणीच्या कागदावर माझी सही होती. २००२ मध्ये एक आजी काउंटरवर आल्या. जन्म १९२७ चा, मशीनने धरला २०२७! तीन तिमाह्या ज्येष्ठांचं जादा व्याज लागलंच नव्हतं. म्हणाल्या, "साहेब, मी अजून जन्मायचीय का?" सगळे हसले. फरक त्याच दिवशी जमा केला. जाताना म्हणाल्या, मध्ये एक गोळी बंद केली होती. मग कोणी हसलं नाही.

आता पुढची तारीख. बऱ्याच यंत्रांचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. ३२ बिटांत २१४,७४,८३,६४७ सेकंदच मावतात. ते १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतात. पुढच्या सेकंदाला अशा घड्याळात डिसेंबर १९०१. ६४ बिटांत ही अडचण नाही. लिनक्सने २०२० मध्ये जुन्या ३२ बिटी यंत्रांसाठीही सोय केली. पण ती आपल्या डब्यात कोण घालणार? चोरी झाली तर पोलिसांना १९०१ चं चित्रण दाखवायचं का? आणि वीस वर्षांचं गृहकर्ज आज घेणाऱ्याचा शेवटचा हप्ता २०३८ च्या पलीकडेच आहे.

म्हणून देखभालीचा करार नवा करताना कॅमेरे, लिफ्ट आणि हिशेबाचा प्रोग्रॅम, तिन्हींबद्दल कंपन्यांकडून लेखी उत्तर घ्यावं. पत्राचा मसुदा मी सचिवांकडे दिलाय.