एका नकाराचा फेरविचार



भाषणाची मला सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतच झाले. पण मंडळाच्या वाढदिवशी आपली एक चूक बोलून दाखवावी, असे मनाने घेतले आहे.

मागे आपल्या पाळणाघरासाठी बाई हवी होती. नेरूळच्या एका वहिनींनी अर्ज केला. पोलिसांच्या पडताळणीत काही निघाले नाही. इतक्यात कोणी कानाशी लागले, 'बाळंतपणानंतर यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता.' झाले! आपण नकार दिला. कारण सांगितले नाही, त्यांचे म्हणणेही ऐकले नाही. माझाही हात वर होता.

भगिनींनो, थोरल्याच्या वेळी मलाही तोच आजार झाला होता. वर्षभर गोळ्या घेतल्या, बरी झाले. सासूबाईंनी ते झाकून ठेवले, मीही ठेवले. आणि गेली सहा वर्षे याच पाळणाघरात मी तुमची मुले सांभाळते आहे!

माझ्या मुलीने मला कायदा समजावून दिला. पोक्सो कायद्याचे २०२० चे नियम सांगतात, की मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने आपल्या माणसांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करावी. ती हवीच. २०२४ साली बदलापूरला काय घडले, ते आपण विसरलेलो नाही. पण आजार हा काही गुन्हा नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, की पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरूनच माणूस आज आजारी आहे असे ठरवता येत नाही.

मुलांची काळजी वाटणारच. मग त्या बाईला समोर बसवून विचारावे. तिच्या संमतीने डॉक्टरांचे आजचे मत घ्यावे. नकार दिलाच, तर कारण लिहून द्यावे आणि फेरविचाराची वाट मोकळी ठेवावी. नाहीतर बायका आजार लपवतील, औषधे टाळतील. मुलांना खरा धोका त्यातच आहे.

मी त्या वहिनींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "विचारलं असतंत, तर मीच सगळं सांगितलं असतं."

त्यांच्या अनुमतीने त्यांचा अर्ज मी आज पुन्हा कार्यकारिणीपुढे ठेवते. माझेही नाव त्याच कसोटीला लावा. तुमचा निर्णय मला मान्य राहील.