ऊसतोडीहून परतलेले मूल आणि मुख्याध्यापक



'मुख्याध्यापक' या शब्दातील 'अध्यापक' पुष्कळदा विसरला जातो. पोषण आहाराच्या नोंदी, मागविलेली माहिती, इमारतीच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार यांत दिवस मावळतो आणि दुसऱ्याच्या वर्गात पाऊल पडतच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर गेल्यासच स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे; लहान गावी हा भार शिकविणाऱ्या शिक्षकावरच पडतो. ही अडचण खरी, परंतु जो स्वतः शिकवितो त्यालाच सहकाऱ्याचा पाठ कोठे अडतो हे उमगते.

घाटनांदूर परिसरात, किंबहुना साऱ्या बीड जिल्ह्यात, हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुलांनी गावी राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तरी पाठच्या भावंडाला सांभाळण्यासाठी कित्येक मुली आईबरोबर जातातच. अशी एखादी तिसरीतील मुलगी जाताना हातच्याची वजाबाकी नुकती शिकू लागलेली असते. फाल्गुन-चैत्रात ती परत येते तेव्हा वर्ग भागाकारावर असतो. ती मागे बसते, फळ्यावरचे उतरवून घेते, काही विचारीत नाही. वही भरलेली दिसते. पुढे ती चौथीत जाते. तिची वजाबाकी मात्र कार्तिकातच थांबलेली असते.

स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड दिले जाते, ते योग्यच आहे. पण ती मुलगी नेमकी कोणत्या उदाहरणापाशी थांबली, हे तिच्या शिक्षकाने जाण्यापूर्वी लिहून ठेवले काय, एवढे मुख्याध्यापकाने पाहावे. ती परतल्यावर त्याने त्या वर्गात मागे बसावे आणि शिक्षकाकडे न पाहता तिच्याकडे पाहावे. ती केव्हा पेन्सिल थांबविते, केव्हा शेजारणीच्या वहीत डोकावते, यावरून पाठाची पारख होते. मुलांदेखत शिक्षकाची चूक काढू नये. शाळा सुटल्यावर एकच प्रश्न बोलावा, दहा नव्हेत. त्याहीपूर्वी मुख्याध्यापकाने आपला पाठ सहकाऱ्यांना पाहू द्यावा. परीक्षक म्हणून आलेल्या माणसापुढे कोणीही मोकळेपणाने शिकवीत नाही.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे उदाहरण सर्वांच्या ऐकिवात आहे. तेथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी अध्यापन रुजविले आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहावयास गेले. परतल्यावर अनेक ठिकाणी फरशा रंगल्या. रंग सहज नेता येतो. पाठ पाहून त्यावर आपसांत बोलण्याची सवय नेता येत नाही, ती प्रत्येक शाळेत नव्यानेच लावावी लागते.

दोन शिक्षकी शाळेत हे कसे साधावे? एक जण दुसऱ्याचा पाठ पाहत असता त्याचा वर्ग मोकळा सुटेल, ही शंका रास्त आहे. तेव्हा आठवड्यातून एकदा दोन्ही वर्ग एकत्र बसवावेत, एकाने वजाबाकी शिकवावी, दुसऱ्याने परतलेल्या मुलांजवळ बसून काड्यांच्या जुड्या सोडवून घ्याव्यात. चैत्रातील सकाळच्या शाळेत पहिला तास यासाठी उत्तम. उन्हे चढल्यावर पत्र्याखाली मोठ्यांचेही मन लागत नाही.