सावद्याची केळी आणि जागतिक बँकेचा पैसा



जागतिक बँक म्हटलं की आपल्याला धरण, रस्ता, सरकारी कर्ज आठवतं. पण त्याच गटातली आयएफसी ही संस्था १९५६ पासून खासगी कंपन्यांना पैसा देते, तोही सरकारची हमी न घेता. मालकी सभासद देशांची. त्यात भारतही आहे, म्हणजे थोडा हक्क तुमचा-माझाही.

लांब जायला नको. आपल्या केळीबागांत ठिबकची नळी आणि टिशू कल्चरचं रोप पोहोचवण्यात जळगावच्या जैन इरिगेशनचा वाटा मोठा. या कंपनीला आयएफसीने २००७ च्या सुमारास कर्ज दिलं आणि तिचे शेअरही घेतले. फरक समजून घ्या. कर्जात हप्ता ठरलेला, धंदा तरो की बुडो. शेअरमध्ये नफ्यातोट्यात वाटा, म्हणजे आपल्याकडच्या मुशारकाच्या जवळचा व्यवहार. पुढे २०१९ मध्ये कंपनी कर्जफेडीत अडकली, २०२२ मध्ये कर्जाची फेररचना झाली. तरीही शेतीच्या धंद्यात असा पैसा यावा, असंच माझं मत आहे.

मात्र हाच पैसा कच्छमधल्या मुंद्र्यालाही गेला. टाटांच्या कोळशावरच्या वीजप्रकल्पाला २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज. प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात जातं, मासळी घटली, अशी तिथल्या मच्छीमारांची तक्रार होती. त्यांतले बरेच मुस्लिम. २०११ मध्ये त्यांनी आयएफसीच्याच तक्रार कार्यालयाकडे अर्ज केला. मच्छीमारांवर काय परिणाम होईल हे आयएफसीने नीट तपासलं नव्हतं, असं त्या कार्यालयाने मान्य केलं. सुधारणा झाली नाही म्हणून ते अमेरिकेत कोर्टात गेले. २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अशा संस्थेवर खटलाच भरता येत नाही असं नाही. खटला पुढे फेटाळला गेला, पण ती वाट मच्छीमारांनी उघडली.

त्या कार्यालयात तक्रार कोणत्याही भाषेत चालते, मराठीतही. वकील लागत नाही. कुठल्या कंपनीला किती पैसा, कोणत्या पर्यावरण-सामाजिक अटींवर, हे आयएफसीच्या संकेतस्थळावर असतं, पण बहुतेक इंग्रजीत. उद्या इथे कोल्ड स्टोरेज येईल, बायकांच्या गटांना कर्ज देणारी फायनान्स कंपनी येईल. तिच्यामागे असा पैसा आहे का, मजुरांबद्दल आणि पाण्याबद्दल तिने काय लिहून दिलंय, हे आधी बघायला हवं. ही पानं मराठीत आणि उर्दूत आणायला मला दोघं-तिघं हवेत. कार्यक्रम संपल्यावर थांबा, लॅपटॉप आणलाय.