खिडकी बंद, नेट बंद

आजचा भाग घरूनच अपलोड होतोय, आणि एका दमात होतोय. दोन महिन्यांपूर्वी हे शक्य नव्हतं. त्याचीच ही गोष्ट.

मी कराडला राहतो, कंपनी पुण्याची. बाबांची बायपास झाली तेव्हा घरून काम करायची परवानगी मागून घेतली. रोज संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल असतो. आणि नेमकं तेव्हाच नेट जायचं. मी बोलतोय, बोलतोय, आणि पलीकडे शांतता! पाच-दहा मिनिटांनी यायचं, परत जायचं. शेवटी मॅनेजर म्हणाले, "दोन आठवड्यांत जमलं नाही तर तुला पुण्यालाच यावं लागेल." म्हणजे बाबांना औषधं देणं, तपासणीला नेणं, सगळं एकट्या आईवर.

आता मी बीटेक झालेला, दिवसभर सर्व्हरचे बिघाड शोधणारा माणूस. घरी मात्र काय केलं? राउटर बंद, राउटर चालू. तेही झाल्यावर दोष द्यायला माणसं शोधली. लाइनमन दादांना फोनवर नको ते बोललो. ते बिचारे सकाळी यायचे, तेव्हा सगळं ठणठणीत दिसायचं. मग मी बाबांवर घसरलो. "तुम्ही संध्याकाळी यूट्यूब लावता, त्यानं नेट अडतं." बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळचे अभंग बंद केले. नेट तरीही जातच होतं.

मग एका रात्री स्वतःलाच म्हटलं, ऑफिसात असा अंदाजपंचे बिघाड शोधला असता का? नाही ना? तिथं आपण रस्त्याचे तुकडे करतो आणि एकेक तुकडा तपासतो. घरातल्या नेटचेही दोनच मुख्य तुकडे आहेत. मोबाइल ते राउटर, म्हणजे वाय-फाय. आणि राउटर ते कंपनी, म्हणजे लाइन. कुठला तुटतोय, हे आधी ठरवायचं.

हे मोबाइलवरही जमतं बरं का. नेट गेलं की मोबाइल डेटा बंद करा, वाय-फाय चालू ठेवा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो राउटरच्या खाली चिकटवलेला असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१. पान पटकन उघडलं तर वाय-फाय ठीक आहे, गडबड पुढे आहे. पान अडखळलं तर राउटरजवळ जाऊन परत बघा. जवळ गेल्यावर उघडलं, तर भिंती किंवा शेजाऱ्यांचे वाय-फाय आड येतायत. मग ५ गिगाहर्ट्‌झ वापरून बघा. त्याचा पल्ला कमी, पण त्यावर गर्दीही कमी. २.४ वरच राहायचं असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांतलं सर्वात मोकळं निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

मी लॅपटॉपवर दोन पिंग चालू ठेवले. एक राउटरला, एक बाहेर ८.८.८.८ ला. संध्याकाळी नेट गेलं तेव्हा राउटरचा पिंग मस्त चालू, बाहेरचा बंद. म्हणजे वाय-फाय सुटलं, बाबांचं यूट्यूबही सुटलं. राउटरकडे पाहिलं तर 'लॉस' नावाचा दिवा लाल लुकलुकत होता. हा दिवा म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश पुरेसा पोचत नाही.

मग राउटरच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा शोधला. तो डीबीएममध्ये असतो आणि वजामध्ये असतो. घरगुती फायबरला साधारण उणे २७ पर्यंत चालतं, त्याखाली गेलं की कनेक्शन डळमळतं. दुपारी माझ्याकडे उणे २२ होता. संध्याकाळी उणे २९! सात डीबीचा फरक म्हणजे प्रकाश जवळजवळ एक पंचमांश उरला. बाकीचा कुठं गेला?

इथं कामाला आली साधी वही. कधी गेलं, कधी आलं, आकडा किती, सगळं लिहीत गेलो. आठवडाभरानं वही चाळली तर गुरुवारची संध्याकाळ कोरी. एकदाही नेट गेलं नव्हतं. गुरुवारी वेगळं काय होतं? आई साताऱ्याला मावशीकडे मुक्कामी गेली होती.

आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई रोज दिवेलागणीला डास येतात म्हणून हॉलची सरकती खिडकी लावून घेते. आमची फायबरची वायर त्याच खिडकीतून आत येते! जाऊन बघितलं तर वायर चौकटीत चेपलेली. फायबरमध्ये काचेचा केसासारखा धागा असतो. तो जोरात दाबला, वाकवला की प्रकाश धाग्यातून बाहेर निसटतो. खिडकी उघडली, आकडा उणे २२. लावली, उणे २९. परत उघडली, परत लावली. आई म्हणाली, "अरे, मोडशील ती खिडकी!"

लाइनमन दादांना फोन केला. या वेळी "नेट चालत नाही" एवढंच म्हटलं नाही. वेळा सांगितल्या, आकडे सांगितले. ते दुसऱ्याच दिवशी आले, भिंतीला भोक पाडून नवी वायर घेतली, कोपऱ्यात मोठा सैल वेटोळा ठेवला. आता आकडा उणे २१. चहा पिताना मी माफी मागितली. ते हसून म्हणाले, "संध्याकाळी जातं, हे आधी सांगितलं असतं तर मी संध्याकाळीच आलो असतो." खरं होतं. मी फक्त ओरडलो होतो.

दोन गोष्टी सांभाळा. राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालू नका, त्यानं सगळं सेटिंग पुसलं जातं आणि लॉगिन परत टाकत बसावं लागतं. आणि फायबरचं निघालेलं टोक डोळ्यासमोर धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण तो लेझरचा असतो.

तर आज एवढंच करा. पुढच्या वेळी नेट गेलं की कुणावर चिडायच्या आधी वेळ लिहा, दिवा बघा, राउटरचं पान उघडून बघा. तीन-चार दिवसांत बिघाड स्वतःच बोलायला लागतो.

माझं पुण्याला जाणं टळलं. साडेसहाला माझा कॉल असतो, आणि पलीकडच्या खोलीत बाबांचे अभंग. आवाज जरा जास्तच असतो, पण मी काही बोलत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!