ग्रास कटर: खोका उघडल्यापासून पहिली दोरी ओढेपर्यंत

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा बस-ट्रॅक्टरच्या आवाजात अर्धं निसटलं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलीतलं बरंचसं तसंच ठेवलंय.

परदेशात लॉनची कड कापायला वेगळं पेट्रोलचं यंत्र मिळतं, त्याला एजर म्हणतात. आपल्या नाशकात ‘लॉन्स’ म्हटलं की लग्नाचा हॉल! तिथली हिरवळ असो, गंगापूर रोडच्या बंगल्यातली असो, नाहीतर दिंडोरी-निफाडची द्राक्षबाग, सगळीकडे एकच यंत्र खांद्याला लटकलेलं दिसतं. ब्रश कटर. बोलताना आपण ग्रास कटरच म्हणतो. पाऊस लागला, हराळी आणि गाजरगवत वर आलं, की घराघरात हे खोके येतात. बरीच पोरं कटर घेऊन मजुरीनेही जातात, म्हणजे हा नुसता छंद नाही, पोटाचा धंदा आहे.

हे यंत्र चालवायचं कसं ते दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मी आज त्याआधीच्या अर्ध्या तासाबद्दल बोलणार आहे, म्हणजे जोडणी आणि पेट्रोल. कारण यंत्र बंद असतं तेव्हा आपण बेसावध असतो. आणि डोळा जाईल की राहील, कपडे पेटतील की नाही, हे बऱ्याचदा त्याच अर्ध्या तासात ठरून गेलेलं असतं.

आधी जोडणी, मग पेट्रोल. हा क्रम उलटा करू नका. टाकी भरून ठेवली आणि मग दांडा जोडायला यंत्र आडवं केलं, की झाकणातून पेट्रोल पाझरतं, हाताला लागतं, पँटला लागतं. खोक्यातून निघालेलं यंत्र कोरडं असतं, तसंच कोरडं जोडा.

इंजिन आणि लांब पाइप वेगळे येतात. आतला शाफ्ट इंजिनच्या खाचेत नीट बसला पाहिजे. बसत नसेल तर खालचा गिअर थोडा हाताने फिरवून बघा, हातोडी मारू नका. मग क्लॅम्पचे बोल्ट आवळा. हँडल आपल्या उंचीप्रमाणे बसवा. दुकानदाराने बसवून दिलंय ते त्याच्या उंचीचं असतं! पट्टा खांद्यावर घेऊन यंत्र लटकवायचं आणि हात सोडायचे. पातं जमिनीच्या जरा वर, सपाट राहिलं पाहिजे. ते नाकासारखं खाली खुपसत असेल तर अडकवायची कडी मागे-पुढे सरकवा. इथे पाच मिनिटं घातली तर संध्याकाळी कंबर धरावी लागत नाही.

आता पात्याचा नट. ब्रश कटरवर हा नट बहुतेक वेळा उलट्या आट्याचा असतो. आपण आयुष्यभर नट उजवीकडे फिरवून आवळतो, इथे तो डावीकडे आवळतो. पातं फिरताना नट सुटू नये, उलट घट्ट होत जावा, म्हणून ही व्यवस्था आहे. माहीत नसलेला माणूस सोडवायच्या नादात पान्याला पाइप लावून आवळत बसतो आणि आटे मारतो. गिअरच्या डोक्याला एक भोक असतं. त्यात अ‍ॅलन की घालून शाफ्ट अडवायचा, मग नट फिरवायचा, आणि नंतर ती अ‍ॅलन की आठवणीने बाहेर काढायची. पात्यावर बाण असेल तर तो गिअरवरच्या बाणाशी जुळवा. वायसर आणि वाटी ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने. पुढे कधीही पातं बदलायचं असेल, तर आधी इंजिन बंद, ते गार होऊ द्या, आणि प्लगची टोपी काढा. रोज बदलणाऱ्यानेही.

मग गार्ड. हा काळा प्लास्टिकचा तुकडा आपल्याकडे आठवड्याभरात गायब होतो. कारण विचारलं तर उत्तर एकच: “ओलं गवत अडकतं, दादा.” अडकतं, खरं आहे. इंजिन बंद करून काडीने काढायला अर्धा मिनिट लागतो. पण गार्ड नसेल तर दगड थेट नडगीवर आणि तोंडावर येतो. नायलॉन दोरीच्या गार्डला एक छोटी पात असते, ती दोरी मापात कापते. गार्ड काढला की दोरी लांब राहते, इंजिनवर लोड येतो, पेट्रोल जास्त जातं. आणि दोरी लवकर संपते म्हणून तिच्या जागी क्लचची केबल किंवा तार लावणारे महाभाग आहेत. कृपा करून नको. तिचा तुटलेला इंचभर तुकडा गोळीसारखा सुटतो, आणि कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

आता पेट्रोल. पहिला प्रश्न, तुमचं इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? दिसायला दोन्ही सारखीच. फोर-स्ट्रोकला ऑइलची वेगळी जागा असते आणि टाकीत साधं पेट्रोल जातं. होंडाचं जीएक्स 35 हे तसलं इंजिन, त्यात फक्त 100 मिली ऑइल बसतं. नव्या इंजिनात ते बहुधा भरलेलं नसतं, तेव्हा दोरी ओढण्याआधी बघा. टू-स्ट्रोकला मात्र ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, कारण आतल्या पिस्टनला वंगण मिळायची दुसरी सोयच नाही. नुसतं पेट्रोल घातलं तर ते थोडा वेळ चालतं, उलट जोरात चालल्यासारखं वाटतं, आणि मग पिस्टन जाम होतो.

प्रमाण पुस्तिकेत लिहिलेलं असतं. 25 ला 1 असेल तर लिटरला 40 मिली ऑइल. 40 ला 1 असेल तर 25 मिली, 50 ला 1 असेल तर 20 मिली. “एक झाकण टाक” हे माप नाही, झाकणं दहा प्रकारची असतात. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा आणि ती फक्त या कामाला ठेवा. ऑइल एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचं हवं, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी असं असतं. गाडीचं इंजिन ऑइल चालत नाही. वेगळ्या डब्यात आधी निम्मं पेट्रोल, त्यात ऑइल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. यंत्राच्या टाकीत मिसळायचं नाही.

आणि एका दिवसाला लागेल तेवढंच बनवा. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धवट भरलेला डबा महिनाभर पडून राहिला, की मग तुम्ही दोरी ओढून ओढून घामाघूम होता आणि कार्बुरेटरवाल्याचं दुकान चालतं.

डब्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. कायद्याची अडचण नाही. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल जवळ ठेवायला परवाना लागत नाही. अडचण आपल्या सवयीची आहे, म्हणजे पाण्याच्या बाटलीची. टू-टी ऑइल घातलेलं पेट्रोल रंगीत दिसतं, हिरवट किंवा निळसर. बांधावर, सावलीत, पाण्याच्या बाटलीशेजारी तीही बाटली. तहानलेला मजूर किंवा शाळेतून आलेलं पोर आधी घोट घेतं, मग वास येतो. म्हणून पेट्रोलचा धातूचा डबाच हवा, घट्ट झाकणाचा, वर मोठ्या अक्षरात पेट्रोल लिहिलेला. बाईकच्या टाकीत नळी घालून तोंडाने ओढणं हाही तसलाच प्रकार. पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसात गेलं तर जास्त घातक असतं. म्हणूनच कोणाच्या पोटात गेलं तर उलटी काढायला लावू नका, 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

पंपावर डबा भरताना तो पिकअपच्या हौद्यातून उतरवून जमिनीवर ठेवा. अंगात साठलेल्या विजेची ठिणगी पुरते. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशाखालीही पेट घेऊ शकते, तर आपल्या मे महिन्याचं काय बोलता! आणि ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरते. ओट्यावर डबा उघडला आणि आत देवघरात खाली समई तेवत असेल, तर वाफ चालत तिथपर्यंत जाते. आपल्याकडे सगळ्यात वाईट जागा म्हणजे विहिरीवरची मोटारीची खोली. कुलूप असतं म्हणून डबा तिथे ठेवतात, आणि शेजारीच स्टार्टर. मोटार चालू-बंद होताना आत ठिणगी पडते. रात्री लाइट आली, ऑटो चालू झालं, आणि खोलीत वाफ साठलेली असली तर? डबा दुसरीकडे ठेवा.

टाकी भरायची ती मोकळ्यावर, यंत्र जमिनीवर ठेवून, नरसाळ्याने. खांद्याला लटकलेलं असताना दुसऱ्याला ओतायला सांगायचं नाही. बिडी-सिगारेट लांब. काठोकाठ भरू नका. सांडलं तर पुसा, कपड्यावर सांडलं तर कपडे बदला, “वाळेल आपोआप” म्हणत सुरू करू नका. मग तिथून निदान दहा पावलं लांब जाऊन दोरी ओढा.

पहिली टाकी कोणी फारशी चुकवत नाही. चुकते ती दुसरी. अर्धी बाग झालेली असते, आभाळ भरून आलेलं असतं, सायलेन्सर तापून लाल व्हायच्या बेतात असतो, आणि आपण झाकण उघडतो. दहा मिनिटं थांबा. पाणी प्या, चहा घ्या, रील बघा हवं तर, पण डब्यापासून लांब. आग लागलीच तर पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. माती टाका, किंवा पावडरचा सिलिंडर वापरा. कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही.

चालू केल्यावर एक तपासणी: रेस सोडली की पातं थांबलं पाहिजे. फिरतच राहत असेल तर आयडलिंग कमी करून घ्या, तोवर बागेत नेऊ नका. चष्मा, बूट आणि पूर्ण पँट हवीच. बाइकचा गॉगल चालत नाही, बाजूने उघडा असतो.

आणि द्राक्षबागेतलं अंतर. पुस्तिकेत 15 मीटरमध्ये कोणी नको असं असतं. दहा फुटी ओळी धरल्या तर 15 मीटर म्हणजे पाच ओळी. पानांच्या भिंतीपलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही, आणि मशीनच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही. बायका बागेत कामाला असतील तर आधी सांगा, आणि लांबच्या टोकापासून सुरू करा. ओळ एकदा पायी फिरून जुन्या तारांचे तुकडे वेचा, ठिबकची नळी वर अडकवा. खोडाजवळ नायलॉन लावू नका. कोवळ्या वेलाची साल चहूबाजूंनी सोलली गेली तर वेल वाळतो. खोडालगतचं गवत विळ्यानेच काढा.

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, बॅटरीवरचं घ्यावं का? बंगल्याच्या लॉनला खुशाल घ्या, पेट्रोलची कटकटच नाही. दोन एकर बागेत बॅटऱ्या बदलत बसाल, तिथे अजून पेट्रोलच. गार्ड, चष्मा आणि उलटा नट मात्र दोन्हीकडे आहेतच.

पुढच्या भागात कार्बुरेटर घरी कसा साफ करायचा ते बघू. तुमच्याकडच्या कटरचं पुस्तक हरवलं असेल तर मॉडेलचा नंबर पाठवून ठेवा. भेटू.